रिकाम्या पिकअपमधली दाटी

गार्गी झोपली का बघा जरा कुणीतरी. खरंच झोपली का ते बघा, कारण ती डोळे मिटून ऐकत पडते. झोपली? बरं. मग सांगते. गेलं वर्षभर मला झोप नाही ती एकाच काळजीनं. त्या रात्रीचं तिला काही आठवतं का? तेव्हा ती चार वर्षांची होती. चार वर्षांच्या लेकराला किती आठवतं हे मी रात्री दोन-दोन वाजता मोबाइलवर शोधलंय. एक जण म्हणतो काहीच आठवत नाही. दुसरा म्हणतो सगळं आत साठून राहतं. मी अर्थात दुसऱ्यावर विश्वास ठेवला. काळजी करायची सोय ज्यात असेल ते मला आधी पटतं.

तसं भुताची गोष्ट सांगायला म्हातारं माणूस हवं. तंबाखू मळत, खोकत सांगणारं. मी एकतीस वर्षांची, बीएस्सी झालेली, कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासते. माझ्या तोंडी हे शोभत नाही, मला कळतं. पण कोजागिरी आहे, दूध आटायला वेळ आहे, आणि निवास वेलदोडे आणायला खाली गेलाय. तो असला की मला ही गोष्ट सांगू देत नाही. कुंभारमामी, नवऱ्याचं नाव घेते म्हणून रागावू नका. नुसतं 'हे' 'हे' म्हणत राहिले तर नवरा कोण आणि भूत कोण, कळणार नाही तुम्हाला.

तर ऐका.

निवासला तुम्ही ओळखता. कारखान्यात फिटर. दिवसभर लोखंड, आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणून पुन्हा लोखंड. घाटाच्या वरच्या अंगाला एका पिठाच्या गिरणीमागं एक जुनी पिकअप बाभळीखाली अकरा वर्षं उभी होती. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायची. निवासनं ती पाहिली आणि तो जो काही गप्प झाला, मला वाटलं दुसरी बाई भेटली. मालक सटुप्पामामा. म्हातारा एवढंच बोलला, "न्या. पण परत हिकडं दाखवायला आणू नका."

आम्हाला वाटलं, जीव होता गाडीवर, म्हणून म्हणत असेल.

दोन वर्षं, अहो. दोन वर्षं रोज संध्याकाळी तो त्या गाडीखाली. इंजिन उतरवलं, बोअर करून आणलं, नवे पिस्टन घातले. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. कुठल्याशा भंगारातल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आणून हिला बसवलं. पुढं पांढरेशुभ्र एलईडी दिवे. मागं लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडीचं ओझं बसतं ते, दोन-दोन जादा. गार्गीसाठी आमच्या दोघांच्या मधे छोटी सीट आणि तिला बेल्ट, कारण बेल्ट नसेल तर मी बसणार नाही असं मी सांगितलं होतं. केबिनच्या मागची काच पूर्वी सरकायची. तिची पट्टी काही मिळेना, म्हणून त्यानं अखंड काच ठोकून बसवली.

आणि टप. केबिनच्या टपावर, मागच्या काठाला, एक खोलगट जागा होती. एकच. हात ठेवला तर बरोबर तळवा बसेल एवढी. निवास म्हणाला, ही गाडी बाजाराची माणसं न्यायची ना, मागं उभी राहणारी माणसं टपावर हात मारतात, त्याची ही खूण. तुम्हाला माहीतच आहे. कुणाला चढायचं-उतरायचं असलं की टपावर एकदा हात. गाडी निघू दे म्हणायचं असलं की दोनदा. आपल्याकडं लहान पोरालाही कळतं ते. तर ती जागा त्यानं ठोकून सपाट केली, पुट्टी भरली, रंग मारला.

गाडी तयार झाली आणि पहिली मोठी फेरी माझ्या माहेरी. घाटाखाली. भावाच्या मुलाचं बारसं होतं. जाताना दिवस होता, आंबेखिंडीचा घाट हिरवागार, गार्गी गाणी म्हणतेय, सगळं छान. येतानाचं ऐका.

माझी आई म्हणत होती, राहा. भाऊ म्हणत होता, राहा. निवाससुद्धा म्हणाला राहू. मी म्हणाले, नाही, गार्गीला खोकला आहे, इथं ओल आहे, सकाळी तिची बालवाडी बुडेल. बालवाडी! जणू तिचा दहावीचा पेपर होता. तर निघालो ते माझ्यामुळे. साडेआठला. बुधवार होता.

घाट सुरू झाला. गाडी रिकामी. मागं काही म्हणजे काही नाही, बारशाच्या लाडवांचा डबासुद्धा माझ्या पायाशी. निवास खुशीत. दिवे बघ, म्हणाला, सुई सापडेल रस्त्यावर. अर्धा घाट चढलो. पाचवं की सहावं वळण. आणि टपावर आवाज आला.

धप्प.

एकदा.

निवासचा पाय ब्रेकवर गेला. त्यानं विचार केला नाही हो, पाय आपोआप गेला. लहानपणापासून टपावर हात पडला की गाडी थांबते हेच बघितलेलं. गाडी थांबली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. बाहेर रातकिडेसुद्धा नाहीत. मी म्हणाले, आंबा पडला असेल. तो म्हणाला, दिवाळीच्या तोंडावर?

तेवढ्यात गाडी मागून बसली. जरा. कुणी मागच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढलं की बसते तशी. आणि टपावर, धप्प धप्प. दोनदा.

निवासनं गाडी काढली.  मग म्हणाला, नवे पाटे आहेत, बसतायत जागेवर. मी म्हणाले, हो, तसंच असेल. मी बीएस्सी, तो फिटर. दोघांनी मिळून पाट्यांवर भार टाकला.

पुढचं वळण. पुन्हा एकदा. धप्प. या वेळी निवासला थांबायचं नव्हतं. मला दिसत होतं, त्याचे दात आवळलेले होते. पण गाडी थांबलीच. आणि ऐका, आता एक नाही. एकामागून एक. गाडी बसत गेली. एक पाय, दुसरा पाय, टोपलं टेकवल्याचा आवाज, पुन्हा पाय. मी मोजत होते. मगाचं एक धरून सात झाले. मग धप्प धप्प.

आता पहिल्या गिअरशिवाय गाडी चढेना. इंजिन घुरघुरायला लागलं. आणि दिवे, ते सुई शोधणारे दिवे, मागचं ओझं एवढं झालं की नाक वर उचललं गेलं आणि उजेड सगळा झाडांच्या शेंड्यावर. रस्ता काळाकुट्ट. एका बाजूला दरी. निवास खिडकीतून डोकं बाहेर काढून कडेचा पांढरा पट्टा शोधत चालवतोय.

आणि वास आला. भिजलेल्या घोंगडीचा, सुक्या मासळीचा. आणि बोलणं. भुतासारखं किंचाळणं-बिंचाळणं काही नाही. बाजाराहून येणाऱ्या बायका बोलतात तसं. मिरची कशी दिली, पाऊस थांबंना, पोरं वाट बघत असतील. मला त्या बोलण्याचीच जास्त भीती वाटली. मी मागं बघितलं नाही. पण गार्गी बेल्टमध्येच मान वळवून मागच्या काचेकडं बघत होती. आणि हसत होती.

मी तिचं तोंड फिरवलं. ती पुन्हा वळली.

तिसऱ्यांदा एकदा हात पडला. गाडी थांबली. कुणी चढलं नाही. दोनदाचा आवाज काही येईना. निवास क्लचवर पाय ठेवून बसलाय, त्या आवाजाची वाट बघत. त्याला मी हाक मारली, तो ऐकेना. नुसता समोर बघतोय. आणि माझ्या कानाशी, अगदी मायेनं, एका बाईचा आवाज आला.

"बाई, पुढं दाटी झालीय तुला. लेकराला दे हिकडं. धरते मी."

आता तुम्ही म्हणाल, मग तू ओरडली असशील. नाही. तेच तर. तुम्ही कधी भरलेल्या गाडीत लेकरू घेऊन उभ्या राहिलाय ना? कुणीतरी बसलेली बाई हात पुढं करते, दे इकडं म्हणते, आणि आपण देतो. नाव नाही, गाव नाही, आपण देतो. उलट बरं वाटतं, हात मोकळे होतात. मला तसंच वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. दिवसभर मी तिला धरून होते, तिचा खोकला, तिची बालवाडी, तिचं सगळं. कुणीतरी म्हणतंय, दे, धरते मी.

बेल्टचा खटका कुणी काढला? मी काढला. तिला उचललं कुणी? मी. काखेत हात घालून उचललं आणि मागं, त्या काचेकडं दिलं.

काच होती म्हणून. निवासला पट्टी मिळाली नाही म्हणून. गार्गीचं कपाळ काचेवर आपटलं आणि ती रडायला लागली. त्या रडण्यानं मी भानावर आले. तिला छातीशी ओढलं. आणि मला एकच सुचलं. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर जोरात मारला. एकदा. आणि परत एकदा.

निवासचा पाय क्लचवरून सुटला. गाडी निघाली. मागं काय झालं ते मला विचारू नका. पत्र्यावर नखं ओढल्यासारखं काहीतरी होत राहिलं. काचेवर तळवे. मी डोळे मिटून गार्गीचं डोकं माझ्या मानेत दाबून धरलं होतं. तो आंधळ्यासारखी गाडी हाणत होता. एकदा डावं चाक मोकळ्यावर गेलं, गाडी तिकडं कलली. मग परत रस्त्यावर आलं.

घाटमाथ्यावर जंगलखात्याचा नाका आहे. तिथली ट्यूबलाइट दिसली, आणि गाडीचं मागचं अंग एकदम वर उसळलं. सगळं ओझं एका क्षणात गेलं. दिवे झाडांवरून खाली, रस्त्यावर पडले. नाक्यावरच्या माणसानं आडवा दांडा उचलला, मागं बॅटरी मारली आणि म्हणाला, बायका मधेच उतरवल्या काय? मगापासून बोलणं ऐकू येत होतं.

निवासनं गाडी तशीच पुढं काढली.  दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर नेली. हसू नका. रिकाम्या पिकअपचं जेवढं वजन हवं तेवढंच भरलं. तो खुशीत परत आला. मला काही त्याच्यानं बरं वाटलं नाही.

मग आम्ही सटुप्पामामाकडं गेलो. गाडी न नेता, एस्टीनं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सांगितलं. बाजारचा दिवस, वरून धो धो पाऊस, गाडी खचाखच भरलेली. त्या वळणावर धनगरवाड्याच्या सात बायका टोपली घेऊन उभ्या. मागच्यांनी टपावर हात मारला, थांब म्हणून. त्याला वाटलं, कुठं बसवू, परत फेरी मारीन, आणि तो थांबलाच नाही. बायका चालत निघाल्या आणि दरड आली. एकीच्या घरी तान्हं होतं. त्यानंतर त्यानं किल्ली हातात धरली नाही.

निघताना त्यानं निवासला विचारलं, "तुम्ही थांबला होता न्हवं?" निवास हो म्हणाला. 

तर ऐका, आणि तुमच्या पोरांनाही सांगा. दिवस मावळल्यावर आंबेखिंडीच्या घाटानं जायचं नाही. गडहिंग्लजवरून लांबचा रस्ता पडतो, पडू दे. जावंच लागलं तर मागं माणसं घेऊन जा, रिकामी गाडी नेऊ नका. आणि टपावर आवाज आला तर थांबायचं की नाही, ते मला विचारू नका. म्हातारा थांबला नव्हता, आम्ही थांबलो. दोन्हीतलं बरोबर कुठलं, मला अजून ठरवता येत नाही. लेकराला मात्र घट्ट धरा. कुणी कितीही मायेनं मागितलं तरी.

गोष्ट इथं संपायला हवी. पण परवा सकाळी मी गार्गीच्या वेण्या घालत होते. तिची पाठ माझ्याकडं, म्हणजे माझं तोंड तिला दिसत नव्हतं, म्हणून मला धीर आला. वर्षभर गिळलेला प्रश्न मी विचारला. अगदी सहज, रिबिनीची गाठ मारत. म्हटलं, गार्गी, मामाकडून येताना गाडीत तुझं डोकं काचेवर आपटलं होतं ना, तू किती रडली होतीस, आठवतं का गं तुला?

ती म्हणाली, "मी नव्हते रडले. तू रडत होतीस. मी त्या काकूच्या मांडीवर होते ना, तर ती म्हणाली, हिची आई लई रडायला लागली, देऊन टाका तिची तिला."