ऑफ-हायर

बजाजनगरात पाण्याच्या टँकरच्या रांगेत माझ्यापुढं दोघीजणी बोलत होत्या.

"बानामावशी, शिवशंकरचं जहाज लागलं का बंदराला?"

"नाय, शीला. ऑफ-हायर झालंय म्हणत्यात."

"म्हंजी?"

"जहाज बिघडलं, तवा भाड्यानं घेणाऱ्यानं भाडं बंद केलं. मालकानं बी हात वर केले."

"मंग पोरानं घरी यावं."

"भर समुद्रात हुबं हाय. कुणाला उतरू देत नायत. पाणी बी मापून पित्यात."

"काल बोलला का?"

"व्हय. म्हणला, माय, फोन शेळ्यांजवळ धर, आवाज ऐकू दे."

"शेळ्या तर तुम्ही चाऱ्यापायी इकल्या."

"त्याला सांगितलंच नाय."

"मंग काय केलं?"

"दारामागं जाऊन मीच शेळीवानी वरडले."