खटका न वाजणारा कॅमेरा

कॅमेऱ्याचा पट्टा बदलायला आलेली शिक्षिका रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं विक्रेत्याशी बोलत होतं.

"अहो, हातात तरी घ्या. खिशात मावतोय."

"तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले मी. हात कापायला लागले, स्टुडिओ बंद केला. आता हे खेळणं कशाला?"

"खेळणं नाही, आजोबा. दिसतो एवढासा, पण आतला सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याचा आहे. हात हलला तरी हा सांभाळून घेतो."

"माझा हात सांभाळणारा कॅमेरा अजून जन्माला यायचाय."

"मग माझा फोटो काढा आणि यांना खोटं पाडा. तोवर मी इथून हलायची नाही."

"बरं बाई, राहा उभी. हं... बटणच चालत नाही याचं."

"नीट दाबा."

"दाबतोय की! खटका कुठे वाजतोय?"

"चिडू नका. परत दाबा. अहो, परत!"

"बिघडलेला माल आहे हा."

"आजोबा, याचा आवाज बंद ठेवलाय. फोटो निघालेत. सतरा."

विक्रेत्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शिक्षिकेनेही टाचा उंचावल्या. आजी सतरा वेळा दटावत होत्या आणि त्यांच्या कानातली कुडीसुद्धा स्वच्छ दिसत होती.

"बघा, एकही हललेला नाही. बांधून द्या हो."

"थांबा, बांधू नका. शेवटच्या फोटोत हिचं डोकं वरून कापलं गेलंय. ए, परत उभी राहा."