ढगांच्या धड्यातले बाण

हॅलो?… कोण, ताई? बोल ना… नाही गं, झोपले नव्हते. गॅलरीत सतरंजी टाकून पडलेय. ऊन कसं सुस्तावलंय आज… काय? हळू बोल. काय बिघडलं?

धडा? तुझा ढगांचा?… वेबसाइटवर चढला ना?… चढला, पण त्यात बाण आलेत?

थांब, लॅपटॉप ओढते… हं, उघडलं… अगंबाई! नाही, हसत नाहीये. बरं, हसतेय थोडी. वर बाणांची रांग, मग तुझं वाक्य, मधे गणितातल्या ‘बरोबर’ची चिन्हं, मग आणखी एक वाक्य, परत बाण… नात काय म्हणाली? पक्षी आहेत? ढगांखालून चाललेत?… किती गोड! मलाही आता पक्षीच दिसायला लागले. एक थवा इकडे, एक तिकडे…

ऐकतेय गं! हो, उद्या सकाळी कुठकुठल्या शाळांतल्या बाई हेच पान वर्गात उघडणार. कळलं. अगं ऐक ना. तू काही मोडलेलं नाहीस. नव्या माणसांचं हे होतंच. तू एक वाक्य बदललंस, त्याच वेळी आणखी कुणीतरी तेच वाक्य बदललं. दोघांचं जुळवताना मशीन अडलं. त्याने दोन्ही वाक्यं बाणांमधे ठेवून तुला विचारलं, बाई, कुठलं ठेवू? आणि तू प्रश्नासकट छापून मोकळी!… सजावट वाटली? धन्य आहेस!

नाही, जुनं काही जात नाही. प्रत्येक आवृत्ती मागे शाबूत राहते, म्हणून तर धडे लिहिणाऱ्या तुमच्या गटाला ऑनलाइन एवढा खटाटोप शिकवते… बरं, दुसरं वाक्य कुणाचं? बदलांच्या पानावर नाव असेल बघ…

ती? शेजारच्या वर्गावर शिकवायची ती? जिच्याशिवाय तुझा डबा उघडायचा नाही, ती?… अगं, मला काय माहीत ती गटात आलीय ते. शिकवताना मला पडद्यावर तुमच्या नुसत्या चौकटी दिसतात, अर्ध्या अंधारातल्या.

नाही. मी दाबणार नाही बटण. तुझं ठेव, तिचं काढ, हे माझ्याकडून होणार नाही… कारण आपल्या गटाची रीत आहे. वाक्यं भिडली की एकट्याने निवडायचं नाही, ज्याच्याशी भिडलं त्याला फोन करायचा. सांगितलं तेव्हा सगळ्यांत जोरात मान तूच हलवली होतीस.

हो… माहितीय. तुझ्या निरोप समारंभाला नाही आली ती. शेजारची खुर्ची तू कुणाला बसू दिली नाहीस. मी दारातच होते ना. तू सारखी दाराकडे बघायचीस, मला वाटायचं, माझ्याकडेच बघतेयस… अजून वाईट वाटतं गं मला. पण विचारलंस का तिला कधी?… ‘मी का विचारू?’ छान. तीही तेच म्हणत बसली असेल. दोघी सारख्याच, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत!

बरं, वाच बघू दोन्ही. मी डोळे मिटते… ‘ढगांचे प्रकार ओळखा व तक्ता भरा.’ हं. हे तुझं. नीटनेटकं आहे… आणि तिचं?… काय, नाव बघून पुढे वाचलंच नाहीस? मग आता वाच… परत वाच… ‘आधी नुसतं बघत राहा. तक्ता नंतर.’

ताई… हे तर तुझं आहे. गच्चीवर मला उताणं झोपवून तूच म्हणायचीस, नाव विचारू नकोस, आधी नुसतं बघ. आत्ताही तेच करतेय मी. एक लांबुळका ढग आहे समोर, त्याला कुठे जायची घाईच नाही… वर्गातही तू तसंच शिकवायचीस ना? भिंतीपलीकडून तिला ऐकू जात असणार. तिने तुझं वाक्य जपलं गं, आणि वेबसाइट म्हणजे शिस्त हवी म्हणून तू तिथे तक्ता आणून बसवलास.

रडतेयस?… रड. मी कुठे जात नाहीये.

…काय बोलू म्हणजे? ढगांपासून सुरू कर. म्हण, आपली वाक्यं भिडलीयत, कसं करायचं? खुर्चीचं निघालं तर निघेल… हो, आत्ताच. उद्यावर टाकलंस तर बाण तसेच राहतील. नंबर पाठवू?… तूच काढून टाकला होतास ना फोनमधून? मग?… काय? पाठ आहे?

…अगं, मला कशाला म्हणून दाखवतेस? ठेव. तिला लाव.