सातव्या प्रकरणाला उशिरा मिळालेल्या टाळ्या

सन्माननीय अध्यक्ष सर जॉसलिन, व्यासपीठावर विराजमान झालेले खाणमालक, भूगर्भ मंडळाचे विद्वान सभासद, आणि खुर्च्या न उरल्यानं भिंतीला टेकून उभे असलेले माझे खाणकामगार बंधूहो,

माझे थोरले बंधू डिगरी ट्रेगोनिंग आज ऑस्ट्रेलियाला निघालेत. त्यांचा सत्कार आणि निरोप तुम्ही एकदमच उरकताय. ते म्हणाले, "टॅमसिन, मला नाही जमायचं. तूच बोल."

अध्यक्षांनी आत्ता त्यांना 'कॉर्नवॉलच्या खडकांचा भाष्यकार' म्हटलं. कानाला गोड वाटलं! गेल्या वर्षी याच मुखातून 'दगडखुळा' निघालं होतं, नाही का? गुन्हा काय? पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात दादांनी लिहिलं, की व्हील केरेन्सा खाणीचा पूर्वेचा बोगदा पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीकडे सरकतोय. मधला खडक ठिसूळ आहे, काम थांबवा. मंडळ म्हणालं, "तेवढं प्रकरण गाळा, पुस्तक आम्ही छापतो." काय हे औदार्य! दादांनी ते स्वखर्चानं छापलं, सातव्या प्रकरणासकट. तुम्ही वाचलंत? सर जॉसलिन, तुमच्या प्रतीची जोडपानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत. मघाशीच पाहिली.

वाचलं ते खाणीतल्या कामावर देखरेख करणाऱ्या कॅप्टन पास्को होस्केननी. एका सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात आले. मी डब्यासाठी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजत होते.

"डिगरी, छातीवर हात ठेवून सांग. हे खरंय?"

"माझी खात्री आहे. पण पास्को, मी चुकलो तर?"

"तर माझी नोकरी जाईल. तू बरोबर असलास आणि मी गप्प बसलो, तर माणसं जातील."

होस्केननी बोगद्यातल्या चाळीसही जणांना वर काढलं. मालकांनी दुपारीच त्यांना 'भित्रा' म्हणून हाकललं. नवा कॅप्टन दुसऱ्या दिवशी माणसं उतरवणार, तोच पाणी फुटलं. बोगद्यात चिटपाखरू नव्हतं.

मग तुम्हाला एकाएकी भूगर्भशास्त्राची गोडी लागली! दादांना पदक. आणि होस्केनना? साधं निमंत्रणही नाही. नोकरीचं विचारलं तर म्हणे, "शिस्त मोडली होती." वा रे शिस्त! चाळीस बायकांचं कुंकू राखलं, हीच ना ती मोडलेली शिस्त?

दादांनी पदक टेबलावर ठेवलंय. ते विसरलेले नाहीत, तुम्हीच ठेवून घ्या.

सभागृह दिलंत, चहा पाजलात, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. पण माफी कुणी कुणाची मागायची ते तुमचं तुम्ही ठरवा. ते बघा, होस्केन दाराशी उभे आहेत. कॅप्टन, दादांचं सामान गाडीवर चढवलंय. तुमचंही आणा, बोट थांबायची नाही.