पूजेत मांडलेले बेल्ट

माहेर माझं मखमलाबादकडलं, मळ्यातलं. वडील भाजीपाला करायचे आन् दसऱ्यासाठी झेंडू, त्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसायची, आन् आई आम्हा बहिणींना पाट्या देऊन बाजारात बसवायची. मला तव्हापास्नं एक खोड हाय, काय सांगू तुम्हाला, समोरच्यानं काय केलं की ते का केलं हे इचारल्याशिवाय मला राहवत नाय. गिऱ्हाइकानं फूल उचलून परत टाकलं की मी इचारायचे, का हो दादा, का टाकलं? आई चिमटा काढायची, अगं त्याला घ्यायचं नसंल, तू काय पोलीस हायेस का? पण एखादा सांगायचा बी, म्हणायचा याचं देठ पार बुडातनं तुटलंय पोरी, ओवताना पाकळ्या सुटतात. मंग दुसऱ्या दिवशी मी देठ ठेवून तोडायचे.

लग्न होऊन सातपूरला आले. कंपनीत लागले, कंपनीचं नाव नका लिहू बरं का, तर तिथं मी ठेकेदाराकडून झाडायला व्हते. ठेकेदाराकडची कामाची बाई म्हंजे काय, आज हाय, उद्या नाय. आन् नुसत्या झाडणाऱ्या बायाच नाय, वेल्डिंगवाले, रंगवाले, टाकीत उतरणारे, छपरावर पत्रे बदलणारे, सगळी ठेकेदाराचीच माणसं, जोखमीचं काम त्यांच्याच वाट्याला. मी झाडता झाडता त्यांना इचारत बसायचे, तुम्ही चष्मा कपाळावर का ठेवता, बूट खाली काढून का चढता. एकदा आमच्या सेफ्टीच्या सरांनी ते ऐकलं. म्हणले, बाई, मी यांना रोज रागावतो आन् हे मला रोज हो म्हणतात, तुम्हाला बरं खरं सांगतात. मंग त्यांनी मला झाडू सोडायला लावला आन् ठेकेदारांच्या माणसांवर लक्ष ठेवायला लावलं. सर म्हणायचे, काम ठेकेदाराचं असलं तरी माणूस आपल्या छपराखाली हाय, त्याला काय झालं तर आपण जबाबदार.

आता हेल्मेटचंच घ्या. कोणी घालायचं नाय, हातात धरून फिरायचे. सरांना वाटायचं आळस हाय. मी एकाला बाजूला घेऊन इचारलं, का रे बाबा? तो आधी लाजला, मंग म्हणला, ताई, काल हे दुसऱ्याच्या डोक्यावर व्हतं, त्याच्या तेलाचा वास येतो, डोक्यात खाज सुटती. एवढंच व्हतं हो! ज्याला त्याला आपापलं हेल्मेट दिलं, त्यावर नाव लिहिलं, आन् मंग जेवताना बी काढंनात.

तर दसऱ्याचं सांगते. सणाला मशिनी बंद असतात, म्हणून छपराचं काम त्याच दिवसांत निघतं. हरसूलकडची माणसं व्हती, भाताची शेती करणारी, काळूबाबा म्हणून त्यांचा म्हातारा मुकादम, आन् त्याचा जावई हिरामण, वर चढण्यात एकदम तरबेज. ठेकेदार नाशकातला. छपराला सिमेंटचे पत्रे, आन् मधी मधी उजेडासाठी प्लास्टिकचे. ते प्लास्टिकचे पत्रे उन्हानं वाळून पापडासारखे झालेले असतात, आन् वरून धूळ बसली की सिमेंटचा कुठला आन् प्लास्टिकचा कुठला, कळतच नाय. म्हणून बेल्ट. छातीला आन् मांड्यांना आवळायचा, मागच्या दोरीचा हुक छपरावर ताणलेल्या तारेला अडकवायचा, म्हंजे पत्रा फुटला तरी माणूस लटकतो, खाली येत नाय. हे मी त्यांना रोज सांगायचे, आन् ते बांधायचे बी, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला सकाळी दाराला तोरण लावून कंपनीत गेले. ठेकेदाराच्या शेडमधी बघते तर पाटावर लाल कापड, त्यावर हातोड्या, बोल्ट आवळायचे पाने, ड्रिल मशीन, आन् मधोमध सगळे बेल्ट ओळीनं मांडलेले, हळदकुंकू लावलेले, वर झेंडूच्या माळा, समोर नारळ. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बेल्टला या लोकांनी हत्यारात धरलं, देवात बसवलं. मी हात जोडले. आन् हात जोडल्या जोडल्या माझ्या ध्यानात आलं, सगळे बेल्ट इथं, मंग वर ठाकठूक कशाची चाललीय?

धावत बाहेर आले. छपरावर चौघं, एकाच्या बी अंगावर बेल्ट नाय. ठेकेदार म्हणला, ताई, आजचा दिवस चालवून घ्या, थोडेच बोल्ट आवळायचे ऱ्हायलेत, ही डोंगरातली माणसं, त्यांना काय होतंय. काळूबाबा खाली दोरी धरून उभा. म्हणलं बाबा, बेल्ट का नाय? तर म्हणतो, ताई, पूजा बसलीय, संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय हलवायची नाय, पोळ्याला आपण बैल जुंपतो का?

आता मला खरंच इचारावं वाटलं, वाद म्हणून नाय. म्हणलं, बाबा, पोळ्याला बैल जुंपत नाय हे खरं, पण मंग त्या दिवशी औत कोण ओढतं, तुम्ही ओढता का? तो हसला, म्हणला आम्ही कशाला ओढू, त्या दिवशी औतच नसतं. मी छपराकडं बोट केलं. मंग त्यानं वर बघितलं आन् मोठ्यानं हाक मारली, उतरा रे सगळे, आज काम नाय.

ठेकेदार माझ्यावर लय तापला. सरांना फोन लावला, तर ते बी म्हणले, बाई, मला न इचारता काम कसं थांबवलं? मी म्हणलं सर, रागवा, पण उद्या रागवा. तिघं शिडीनं उतरले. हिरामण म्हणला, एवढा एक बोल्ट आवळून येतो. आवळला, आन् शिडीकडं निघाला, आन् कड्‌ आवाज झाला.

मी आत पळाले. वर बघते तर छपरातनं एक पाय लोंबतोय. मांडीपर्यंत आत, पायात बूट नाय, तळवा पांढराफटक. बाकीचा हिरामण वर, बाजूच्या सिमेंटच्या पत्र्याला कवटाळून, आन् खाली मशिनी. सगळे ओरडायला लागले. मी म्हणलं, कोणी वर पळायचं नाय, वजनानं उरलेला पत्रा फुटंल. काळूबाबा कुठंय म्हणून वळले, तर तो शेडमधी पूजेसमोर उभा. त्यानं हात जोडले, नारळ बाजूला सरकवला आन् म्हणला, ऊठ देवा, तुझं काम निघालंय. दोन बेल्ट उचलले. एक अंगात चढवला, त्याची माळ बी काढली नाय, दुसरा खांद्यावर टाकला, आन् तो म्हातारा बोल्टांच्या रेघेवरनं, खाली लोखंड असतं तिथनंच, हुक अडकवत अडकवत गेला. मी खालून नुसती म्हणत व्हते, हिरामण, हलू नको, बाबा आलेत. छपराच्या भोकातनं झेंडूच्या पाकळ्या खाली येत व्हत्या, आन् मी रडत व्हते. त्यानं जावयाला पडल्या पडल्या बेल्ट घातला, हुक तारेला अडकवला, आन् मंगच त्याचा पाय वर ओढला.

मांडीला टाके पडले, पण भातकापणीला हिरामण उभा व्हता. सर त्याला बघायला दवाखान्यात आले, आन् त्या दिवसापास्नं काम थांबवायला मला कोणाला इचारावं लागत नाय. पगार मात्र अजून ठेकेदाराकडूनच येतो, मी काय कायम झाले नाय आन् आता होणार बी नाय. चालायचंच.

पण मला चैन पडंना. पुढं हिरामण कामावर आला तव्हा एक दिवस डबा खाताना त्याला इचारलंच, का रे, वर अडकला व्हतास तव्हा मनात काय आलं? मला वाटलं बायको म्हणंल, लेकरं म्हणंल. तर तो भाकरी मोडता मोडता म्हणला, ताई, मला एवढंच वाटलं, बेल्ट तर सगळे पूजेत बसलेत, आता मला न्यायला कोण येणार.

मी त्याच्या डब्यात माझी भाजी वाढली आन् उठले.

आता दसऱ्याला बेल्ट पूजेत मांडतात, मांडू देत, मला आवडतं. माळा मीच नेते. पण नारळ फोडायच्या आधी सगळ्यांना माझ्यासमोर उभं करते, काळूबाबाला बी, आन् एकेकाचं तोंड बघत इचारते, वर कोणी ऱ्हायलं नाय ना? नाय म्हणले, की मंग म्हणते, फोडा. देवानं त्यांना सगळ्यांना असंच खाली, माझ्यासमोर ठेवावं, दुसरं मी काय मागत नाय.