सेप हेडलीची उतरवलेली फीत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या खाणकामगार संघाचे प्रमुख थर्लवेलसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीमहाशय, सत्कारमूर्ती सेप्टिमस हेडली, म्हणजे आपला सेप, आणि रॅवन्सडीनच्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. भाषण माझ्या लेकीनं लिहून दिलंय. त्यात सेपच्या खाणीतल्या जवळजवळ पन्नास वर्षांचं कौतुक आहे, आणि ते सगळं खरं आहे. पण तो कागद मी खिशात ठेवतो. पहिल्या रांगेत नॅट्रसबाई बसल्यात. त्या आल्यात हे दारातून पाहिलं, तेव्हाच ठरवलं, आज वेगळं बोलायचं.

सेपचा कान आपल्याला ठाऊक आहे. खाणीच्या छतावर काठी आपटून, ते ढासळणार हे आवाजावरून ओळखून तो ‘बाहेर’ म्हणाला, की जेवणाचा डबा तिथंच टाकून पळायचं. याच कानासाठी सैन्यानं त्याला महायुद्धात, सोळा साली, फ्लँडर्सच्या आघाडीवर नेलं. मागोमाग मी आणि या नॅट्रसबाईंचा नवरा टॉमही गेलो. काम काय, तर जर्मनांच्या खंदकांखाली निळ्या चिकणमातीत बोगदे खणायचे. तेही आमच्या दिशेनं खणत होते. ज्याला दुसऱ्याचा आवाज आधी ऐकू येईल, तो सुरुंग लावून दुसऱ्याला गाडणार. म्हणून पायांना गोणपाट बांधायचं आणि खोकला आला तर बाही चावायची.

आता आपल्या खाणीतली रीत आठवा. समोरून दुसरी टोळी कोळसा फोडत आली, की टिकावाच्या दांड्यानं भिंतीवर दोनदा ठोकतात. ऐकणाऱ्यानं दोनदा उत्तर द्यायचं, म्हणजे कुणी कुणावर सुरुंग उडवत नाही. उत्तर न देणाऱ्याला आपण माणसात धरतो का?

सतरा सालचा फेब्रुवारी, दुपारची पाळी. बोगद्याच्या टोकाशी सेप आणि मी, दोघंच. पलीकडून दोन ठोके आले. कुणी जर्मन लाकडाचा टेकू बसवत असेल बिचारा. आणि आमच्यातल्या एकानं टिकाव उलटा धरून दोनदा उत्तर दिलं.

पलीकडचं खणणं थांबलं. अहो, आवाज असतो तोवर बरं असतं. थांबला, म्हणजे सुरुंगात दारू भरत असतील. सेपनं मला वर पिटाळलं आणि स्वतः तासभर मातीला कान लावून बसला. तेव्हा काहीच झालं नाही. वर येऊन त्यानं खबर दिली, तेव्हा साहेबानं विचारलं, कोणी ठोकलं? सेप म्हणाला, मी. त्याच्या बाहीवरची हुद्द्याची फीत तिथंच कापली गेली. तिसऱ्या दिवशी जर्मनांनी सुरुंग उडवला. तेव्हा आत टॉम होता.

ही हकिगत त्याच साली रजेवर आलेल्या पोरांनी गावात सांगितली. नॅट्रसबाई एकोणीस वर्षं सेपशी एक शब्द बोलल्या नाहीत. तो समोरून आला की रस्ता ओलांडतात.

सेप, मान हलवू नकोस. आज तू पाहुणा आहेस, गुमान बस.

ठोकणारा हात माझा होता. चौदा वर्षांची सवय, डोक्याला विचारायला थांबली नाही. सेप वर आला तेव्हा मी साहेबाकडे निघालो होतो, तर त्यानं माझी कॉलर धरली. म्हणाला, “कथबर्ट, तू तोंड उघडलंस की रडशील. माझी फीतच जाईल ना? जाऊ दे.” तेव्हा टॉम जिवंत होता हो. तो गेल्यावर मी पुन्हा सेपकडे गेलो. तो म्हणाला, “आता सांगून टॉम परत येणार आहे का?” मला हेच हवं होतं. मी भ्यालो, आणि आजपर्यंत भीतच राहिलो. सेपनं मात्र मला एका शब्दानं कधी टोचलं नाही.

थर्लवेलसाहेब, वेळ संपली, ठाऊक आहे. आपण सगळे आलात, आभारी आहे. मागच्या खोलीत चहा तयार आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर त्याची माफी मागून वक्त्यानं खाली बसायचं असतं. बोलण्याचं जाऊ द्या. मी एकोणीस वर्षं बोललो नाही, त्याची माफी मागतोय. सेपची मागतो. आणि नॅट्रसबाई, तुमची मागतो.

हे मी टेबलावर दोनदा ठोकलं. उत्तर द्यायलाच हवं, असं काही नाही. मी ऐकत उभा आहे.