रोझलिनच्या लग्नाची तारीख

हां, अस्सं धर. अंगठे वर, हात जरा लांब — नाही, इतकं ताणू नकोस, लडी सैल हवी, पण सुटायला नको. तू म्हटलं तर चालेल ना तुला? माझ्या भाचीएवढी दिसतेस. ही लोकर अशीच लडीत घरी नेलीस तर संध्याकाळपर्यंत नुसता गुंता होऊन बसेल, मग बाळाचं झबलं कसलं नि काय. गोळा करून देण्याचे पैसे मी घेत नाही, कधीच घेतले नाहीत. फक्त तो गल्ल्याजवळचा फोन तसाच राहू दे. वाजू दे त्याची पिपाणी. कर खात्याला लावलाय — सकाळी दोनदा लावला नि दोनदा मीच ठेवून दिला — आता म्हणतायत थांबा, तुमचा नंबर येईल. येईल तेव्हा येईल. काही नाही गं, बारीकसं काम आहे. एक गोष्ट बंद करायचीय, बस्स.

मला भीती नाही कर खात्याची. दुकान टाकायच्या आधी मी कारखान्यात पगाराच्या खिडकीवर बसायचे. या फायली गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कराचे कागद अजून मीच बघते. चहा नि पार्किन केकच्या तुकड्यावर. "मार्लीन, हे काय आलंय बघ गं" — की बघितलंच मी. मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मला आवडतंच, आणि कागद हातात असला की कुणी नाक बाहेर काढ म्हणत नाही.

तुझं लग्न झालंय? नाही? मग तुला हे ठाऊक नसेल. प्रत्येकाला थोडं उत्पन्न बिनकराचं मिळतं, बरोबर? आता समजा बायकोला इवलंसं पेन्शन, म्हणजे तिचा तो बिनकराचा वाटा पुरता वापरलाच जात नाही, उरतो. आणि नवरा मात्र कर भरतोय. तर तिनं आपल्या वाट्यातला एक तुकडा नवऱ्याच्या नावे करायचा. वर्षाला अडीचशे पौंड वाचतात त्याचे. आणि मागची चार वर्षंही मागता येतात. अट एकच — लग्न झालेलं हवं. नुसतं एका घरात राहून चालत नाही, मग चाळीस वर्षं राहा की साठ.

हे मी रोझलिनला किती वर्षं सांगत होते. रोझलिन म्हणजे माझी मैत्रीण, मागच्याच गल्लीत राहते, ती नि क्लिफ. क्लिफनं जन्मभर बस चालवली, पै पै करून बँकेत ठेवली, आणि आता व्याज बरं यायला लागलंय तर त्या व्याजावर कर कापला जातोय. इकडे रोझलिनचा वाटा नुसता पडून. मी म्हणायचे, अगं, दर वर्षी अडीचशे पौंड समुद्रात टाकताय तुम्ही, त्याचा काही खेद? तुमचा बॉयलर खोकतोय, हिवाळ्यात दोघं कोट घालून टीव्ही बघता. तर ती म्हणायची, "बघू गं पुढच्या वर्षी." क्लिफ तर उठून बागेतच जायचा. मला वाटायचं, काय बावळट जोडपं आहे हे.

डावा हात जरा खाली घे. हां.

तर या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. म्हणजे आम्हाला सगळ्यांना तसं वाटत होतं. आम्ही मंगळवारी चॅपलच्या हॉलमध्ये विणायला बसतो, सोळा-सतरा बायका, तर त्यांच्यासाठी एक मोठं पांघरूण करायचं ठरवलं. लाल, चाळिसावं म्हणजे माणकाचं, त्याला लालच लागतं. प्रत्येकीनं चार चौकोन विणायचे, ते मी जोडायचे. आणि मी मनात म्हटलं, पांघरूण तर आहेच, पण माझ्याकडून हे कराचं काम करून देते. एका मंगळवारी सगळ्यांसमोर, टॅब उघडून बसले नि म्हटलं, "रोझलिन, लग्नाची तारीख सांग, मी आत्ता टाकते." सगळ्या हसल्या. रोझलिननं सुया खाली ठेवल्या. मग म्हणाली, जरा आत ये, किटली लागत नाहीये.

किटलीला काही झालं नव्हतं. तिनं दार लोटलं आणि म्हणाली, "तारीख नाही, मार्लीन. आम्ही लग्न केलेलंच नाही." क्लिफची पहिली बायको तिकडे हल शहरात होती, तिनं सोडचिठ्ठी दिली नाही. ती वारली तेव्हा या दोघांना इथे येऊन इतकी वर्षं झाली होती, सगळं गाव मिसेस हॅरॉप म्हणत होतं, मुलगी शाळेत जात होती — आता कुठल्या तोंडानं लग्न करायचं? मग राहिलं ते राहिलंच. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आमची कार्डं यायची नि ती दोघं खिडकीत ओळीनं मांडायची. मी स्वतः किती दिलीत.

माझ्या पोटात नाही राहिलं. मी जोनला सांगितलं, बेकरीतल्या. आणि जोनच्या तोंडात तीळ भिजत नाही हे फायली गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शनिवारपर्यंत चिप्सच्या दुकानाच्या रांगेत सगळ्यांना माहीत. म्हणजे ओघात निघून गेलं गं माझ्या तोंडून, पाव घेता घेता—

नाही. ओघात नव्हे. तू ती लडी नीट धर, मी सांगते. मी मुद्दाम गेले होते बेकरीत. घरी पाव होता.

झालं काय, तिथे स्वयंपाकघरात, एवढं सगळं सांगून झाल्यावर रोझलिननं माझा हात धरला नि म्हणाली, "माझं जाऊ दे. तू डेनिसला अजून किती वर्षं देणार आहेस?"

डेनिस म्हणजे आमचे हे. ते ब्रिडलिंग्टनला असतात. कामानिमित्त. म्हणजे होतं काम आधी, आता निवृत्त झालेत, पण तिकडेच — तिकडे एक कॅरॅव्हॅनचा तळ आहे, त्याची मालकीण आहे एक, शीला म्हणून. तर त्यांचं तिकडे बरं चाललंय. आणि मी माझ्या वाट्यातला तुकडा त्यांच्या नावे केलेला आहे, लग्न चांगलं चालू होतं तेव्हाच केला होता. एकदा केला की दर वर्षी आपोआप जातो तो. आपण बंद करेपर्यंत जातच राहतो. आधी माझं काही बिघडत नव्हतं, माझा वाटा तरी कुठे वापरला जात होता? पण आई गेली, तिचं घर विकलं, पैसे ठेवले, नि व्याज यायला लागलं. तो तुकडा माझ्याकडे असता ना, तर त्या व्याजावर मला एक पेनी कर पडला नसता. सतरा वेळा हिशेब केलाय मी. आता पडतो, वर्षाला एकशे अडतीस पौंड. मी हे एकशे अडतीस भरते म्हणून डेनिसचे अडीचशे वाचतात आणि तो शीलेला घेऊन स्पेनला जातो.

सगळ्या गावाचे कराचे कागद बघणारी बाई मी. एका फोनचं काम होतं. पण कसं आहे, डेनिसच्या कराच्या कागदावर कुठेतरी एक अक्षर असतं, की याला बायकोनं वाटा दिलाय. दर एप्रिलला ते त्याच्या घरी जातं. शीलेच्या घरी. मला वाटायचं, राहू दे तेवढं. तेवढं एक तरी जातंय ना माझ्याकडून.

आणि ही रोझलिन, जिच्याकडे कागदाचा चिटोरा नाही, पण क्लिफ रोज सकाळी तिच्यासाठी चहा घेऊन वर जातो, ती मला विचारते अजून किती वर्षं. मला इतका राग आला, पोरी. म्हणून गेले बेकरीत.

कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही, आपली माणसं तशी नाहीत. नुसतं, खाटकानं क्लिफला विचारलं, "काय नवरदेव, मुहूर्त कधीचा?" आणि जमलेली सगळी हसली. क्लिफ मटण न घेता घरी गेला. बायकांनी म्हटलं, आता लाल पांघरूण देणं बरं दिसत नाही, तिलाच अवघड होईल. ते बघ ना, काउंटरखाली, पिशवीत. सगळे चौकोन तसेच. मला ना जोडवत, ना उसवत. मंगळवारी रोझलिन येत नाही. मी तिच्या दारात गेले, दोनदा. दुसऱ्या वेळी तिनं दार न उघडताच आतून सांगितलं, "सगळ्या गावाला माझं खरं सांगितलंस ना. आता एका माणसाला तरी तुझं सांग. मग ये."

म्हणून हा फोन. आता तुला सांगितलं खरं मी, पण तुला सांगितलेलं मोजायचं नाही. तू बाहेरगावची, उद्या लीड्सला परत जाशील, कुणाला पडलंय मार्लीन कोण नि डेनिस कोण. तिला जे म्हणायचंय ते मला कळतं. ते लिहून घेतलं जाईल असं बोलायचंय.

आलं बघ टोक. सोड आता हात. मुंग्या आल्या असतील. हा घे गोळा, आणि अजून लागली तर याच रंगाच्या खेपेतली घे, दुसरीतली घेतलीस तर बाही वेगळी दिसते—

थांब. थांबली ती पिपाणी.

हॅलो. हो. मार्लीन पिकरिंग. हो, तो वाटा, नवऱ्याच्या नावे केलेला. बंद करायचाय. ...कारण? कारण म्हणजे, माझं व्याज वाढलंय ना, म्हणून... हो. नाही, तेवढंच नाही. ...काय म्हणालात?

नाही हो. वारला नाही. मला सोडून गेला तो. नऊ वर्षं झाली. ...हो, लिहा. तसंच लिहा.

तू अजून इथेच? जा ना पोरी आता. आणि दार ओढून घे.